बावीस पायऱ्या आणि एक डोळा

"आम्ही उचलून नेतो ना!"

हे वाक्य बोलणारा माणूस कधीच वाईट नसतो, हीच पंचाईत आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो हसतमुख असतो, बाह्या सरसावून तयार असतो, आणि जिना हा आपल्या दंडातल्या ताकदीने सुटणारा प्रश्न आहे असं त्याला मनापासून वाटत असतं. माझा डावा पाय जन्मापासून नावालाच आहे. दोन कुबड्यांवर मी रोहा ते पेण सगळीकडे फिरते, आणि जिथे पायरी दिसते तिथे हा माणूसही दिसतो. त्याला म्हणा, बाबा, उचलू नकोस, उतार बांधायला सांग. की गेलाच तो. त्याला अचानक कुणाचा तरी फोन येतो.

पेणच्या ज्या कलादालनाची ही गोष्ट आहे तिथे बावीस पायऱ्या आहेत. खाली कार्यालय, चपलांचा स्टँड आणि एक लांबडा बोळ. वर दालन. लिफ्ट नाही, उतार नाही, कठडा एकाच बाजूला आणि तोही हलणारा. दालनाचं नाव लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही, कारण जिच्यामुळे हे लिहायला बसले तिची तीच अट आहे. "माझं नाव छापलंस तर तुझ्या तोंडाला सोंड जोडीन," असं ती म्हणाली, आणि ती जोडू शकते. मी तिला ताई म्हणते.

ताई पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साच्यातून मूर्ती काढायची, हात वेगळ्या साच्यांतून काढून जोडायचे, घासायचं, रंग मारायचा, ही कामं कारखान्यात दहा जण करतात. डोळ्यांना मात्र एकच माणूस बसतो. ताई मिठागरवाल्यांच्या घरातली, खाडीकाठच्या गावातली. लहानपणी ताप आला आणि दोन्ही पाय घेऊन गेला. बाकीची भावंडं मिठाच्या पाट्या वाहायला गेली, हिला मामाने कारखान्यात आणून बसवलं. म्हणे बसून करायचं काम आहे. ती बसली ती बसलीच. आज पेणमध्ये तिच्यासारखा डोळा कुणाचा नाही, हे तिचे शेठसुद्धा कबूल करतात, फक्त तिच्यासमोर नाही.

तिची एक रीत आहे. गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारते, "बसवनार कुठं?" टेबलावर, जमिनीवर की मंडपात उंच? घरचा गणपती असेल तर आरतीला माणसं किती लांब उभी राहतात? मगच ब्रश बुडवते. कारण नजर माणसावर पडली पाहिजे. उंच बसणाऱ्या मूर्तीची नजर उतरती, खाली बसणाऱ्याची सरळ. बुबुळ केसभर वर गेलं तर देव छताकडे बघत बसतो, असं ती म्हणते. दुसरी रीत तिची एकटीची नाही, अख्ख्या कारखान्याची आहे: एकाने धरलेला डोळा दुसऱ्याने पुरा करायचा नाही. एक डोळा काढून माणूस आजारी पडला तर मूर्ती थांबते. माणूस बरा झाला की पुढे चालते.

तीन वर्षं तिने आखलेल्या मूर्ती त्या दालनात मांडल्या जात होत्या. खाली पाटीवर शेठचं नाव. ताई एकदाही वर गेली नव्हती. माझी तिची ओळख झाली तेव्हा तिने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुला वर जाया येतं ना? मग मना सांग, तिकडं उजेड कुठशी येतो?" मी सांगितलं, डावीकडे तीन खिडक्या आहेत. तिने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग मी तीन वर्सं चुकीच्या बाजूला चमक काढतेय."

बुबुळातला पांढरा ठिपका. उजेडाच्या बाजूला असावा लागतो. हे मला कळल्यावर मी एवढी चिडले की त्याच रात्री पत्रक लिहिलं. रोह्यातला छापखानेवाला मजकूर वाचून म्हणाला, "मॅडम, उद्गारचिन्हं थोडी कमी करा. वाचणारा दचकतो." मी म्हटलं, दचकू दे.

पण पत्रकांनी कुणी दचकत नाही. लोक पत्रक घेतात, घडी घालतात आणि त्यात वडापाव धरतात. म्हणून आम्ही एक दुसरं काम सुरू केलं.

आम्ही म्हणजे चौघं. ताई, मी, खांब गावचा एक भातशेतीवाला आणि निडीचा एक भजनी बुवा. भातवाल्याचा उजवा हात मळणी यंत्रात कोपरापासून गेला. गावच्या नाटकात तो पूर्वी राजाचं काम करायचा. हात गेल्यावर त्याला भिकाऱ्याचं द्यायला लागले, म्हणून त्याने नाटक सोडलं. बुवा जन्मांध. पेटी वाजवतो, गातो आणि जगात कशालाही हात लावून बघतो. त्याला दालनात पहिल्यांदा नेलं तेव्हा पहारेकरी ओरडला, "हात लावू नका!" बुवा म्हणाला, "मग काय लावू?"

त्या दिवसापासून आम्ही दालनांमध्ये जाऊन विचित्र वागायला लागलो. याला शहरात मोठं नाव असेल, आम्ही त्याला "जाऊन बसणं" म्हणतो. एकदा आम्ही कारखान्यातलं प्लास्टिक अंगावर ओढून, गळ्यात "बुक झालेली" अशा चिठ्ठ्या अडकवून मूर्तींच्या रांगेत दोन तास बसलो. एकदा भातवाल्याने खांद्याला प्लास्टरचे चार हात बांधले, मोदकाचा, पाशाचा, अंकुशाचा आणि आशीर्वादाचा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "यातला कुठला माझा?"

काय झालं? सत्कार झाला. दोन्ही वेळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईंचे डोळे भरून आले, आणि दालनाचे अध्यक्ष कार्यालयातून शाल आणि नारळ घेऊन धावत आले. त्यांच्या कपाटात शालींचा साठाच आहे. "दिव्यांगांची ही जिद्द," असं त्यांनी सुरू केलं की मला कुबडी फेकावीशी वाटते. दिव्य काय आहे माझ्यात? पाय आहे, चालत नाही, बस. अपंग म्हणा, नावाने हाक मारा, पण जिद्द म्हणू नका. आमच्या घरी आता एवढ्या शाली झाल्यात की आईने एकीचं शिलाई मशीनवर झाकण केलंय. वडील धाटावच्या कारखान्यातल्या शिफ्टवरून आले की तीच ओढून झोपतात.

तर मुद्द्यावर येते. मुद्दा माझ्या चुकीपासून सुरू होतो.

गेल्या उन्हाळ्यात अध्यक्षांनी ताईला आणि मला बोलावलं. मोठं प्रदर्शन भरवायचं होतं. मधोमध साडेतीन फुटी शाडूची मूर्ती, उद्घाटनाला मुंबईहून पाहुणे, आणि कार्यक्रमाचा कळस असा की मूर्तीचा एक डोळा आधी काढलेला असेल आणि दुसरा ताई पाहुण्यांच्या समोर काढेल. पाटीवर ताईचं नाव. शेठही तिथेच बसले होते, त्यांनी मान हलवली. ताईने माझ्याकडे पाहिलं. तिला मोठ्या माणसांशी बोलायचं असलं की ती मला पुढे करते, कारण मी भांडकुदळ आहे. आणि मी, पाटीवर नाव येणार या आनंदात, "हो, करेल ना! नक्की करेल!" म्हणून मोकळी झाले.

कुठे, ते विचारलं नाही.

मी! जिने पायऱ्यांवर पाच पत्रकं लिहिली! आम्ही खाली कार्यालयात बसलो होतो, खालीच सगळं ठरलं, पंख्याखाली कोकम सरबत प्यायलो, आणि माझ्या डोक्यात आलंच नाही की दालन वर आहे. ताईने कारखान्यात डावा डोळा काढला. त्याआधी मला पाठवून वरचा चौथरा मोजायला लावला. मी कुबडीने मोजला, तिची उंची कमीजास्त करायच्या दुसऱ्या भोकापर्यंत आला, म्हणजे दोन फूट. मग टेम्पो आला, सहा हमालांनी मूर्ती बावीस पायऱ्या चढवली, आणि संध्याकाळी ताईचा फोन आला. एकच वाक्य. "बाय गो, आता मी कशी जाव?"

मी अध्यक्षांना फोन केला. त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते पहिल्या ओळीत लिहिलंय.

ताई स्वतःला उचलू देणार नाही. हा हट्ट नाही, याला कारण आहे, आणि ते तिने मला एकदाच सांगितलं. बहिणीच्या लग्नात हॉल वरच्या मजल्यावर होता. नवऱ्याकडची चार पोरं आली, खुर्चीसकट उचलली. एकाचा हात खुर्चीला होता, एकाचा नव्हता. वर पोचेपर्यंत सगळे हसत होते, तीही हसत होती, कारण लग्न होतं. त्यानंतर तिने ठरवलं, जिथे चाक जात नाही तिथे ताई जात नाही.

मी तिला म्हटलं, मग नाही सांगूया. पण शेठ आडवे आले. माणूस तसा मवाळ, पण या वेळी त्यांची इज्जत पणाला लागली होती. "पाहुण्यांपुढे एका डोळ्याची मूर्ती राहिली ना," ते म्हणाले, "तर सोमवारपासून तू कारखान्यात यायचं नाहीस. मी सतरा वर्षं तुला सांभाळली."

"सांभाळली?" ताई म्हणाली. "का डोळं काढून घेतलंत?"

पण घरी आल्यावर ती रडली. पेणमध्ये आखणीची कामं शेठच्या शब्दावर मिळतात. त्यांनी हात काढला तर दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं. आणि मीच होते ती, जिने "नक्की करेल!" म्हटलं होतं.

म्हणून उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नऊला आम्ही जिन्याखाली जाऊन बसलो.

कार्यक्रम असा होता. एक लाकडी खुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले, पाठीला झेंडूचा हार. आम्हा तिघांच्या तोंडाला शाडू फासलेला. तो वाळून तडकला की माणूस फुटक्या मूर्तीसारखा दिसतो. बुवाच्या मिटलेल्या पापण्यांवर ताईने डोळे आखले होते, लांबट, उतरत्या नजरेचे, बाप्पाचे असतात तसे. काढताना बुवा म्हणाला, "जन्मात पयल्यांदा डोळं आलं. कसं दिसतंय?" ताई म्हणाली, "तू हलू नको, नायतर तिरळा होशील." भातवाल्याने त्याचे चार प्लास्टरचे हात चढवले. आणि आम्ही वर जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून म्हणायला लागलो, "घाबरू नका हं! आम्ही उचलून नेतो ना!"

आयुष्यभर ऐकलेली सगळी वाक्यं आम्ही परत करत होतो. बाई नवऱ्याबरोबर आली की मी नवऱ्याला विचारायचे, "यांना पाणी हवंय का? यांना ऐकू येतं ना?" बुवा येणाऱ्याचं डोकं शोधून त्यावरून हात फिरवायचा, "किती धीराचे! एवढे दोन पाय घेऊन एकटे आले!" भातवाला एका हाताने बांबू धरून म्हणायचा, "बसा, बसा. तुम्हाला काय विचारायचं? आम्हाला कळतं."

पहिला अर्धा तास छान गेला. म्हणजे लोक चांगलेच गोंधळले. एक निवृत्त मास्तर हौसेने बसले, बुवा आणि भातवाल्याने त्यांना वीतभर उचललं, तसे ते किंचाळले, "ठेवा! ठेवा खाली! पडेन मी!" बुवाने डोळे उघडले, म्हणजे आखलेले डोळे नाहीसे झाले आणि खालचे पांढरे दिसले. मास्तर उतरून जे सुटले ते थेट रिक्षात. एक जाडसर गृहस्थ मात्र रागावले. "मला पाय आहेत," ते म्हणाले. "मला कशाला उचलताय? अपमान वाटतो मला." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. अख्ख्या दिवसात बरोबर बोललेला तो एकच माणूस.

मग बिघडलं. कुणीतरी फोटो काढला. दुसरा बसून फोटो काढायला लागला. आया पोरांना खुर्चीत बसवायला लागल्या, "हस रे, काकांकडे बघ!" रांग लागली. जत्रेत पाळणा असतो तसे आम्ही झालो. आणि अध्यक्ष जिन्यावरून उतरले, दोन मिनिटं बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"व्वा!" ते म्हणाले. "हेही बसवलंय होय? आधी सांगितलं असतं तर पत्रिकेत टाकलं असतं."

आणि गेले कार्यालयात. शाल आणायला.

भातवाल्याच्या चार प्लास्टरच्या हातांवरून ती शाल काही केल्या बसेना. अध्यक्ष एका बाजूने ओढत, शिपाई दुसऱ्या बाजूने. भातवाला माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आता काय करायचं गो? रडायचं का हसायचं?" मी तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

ताई बोळात, चपलांच्या स्टँडपाशी, तिच्या व्हीलचेअरवर बसून हे सगळं बघत होती. मांडीवर ब्रशांचा डबा.

तेवढ्यात फोन आला, पाहुण्यांनी नागोठणं सोडलं. मुंबईचा माणूस उलट्या बाजूने कसा, तर त्यांचं आधी रोह्यात कुठे तरी भाषण होतं. अध्यक्षांना घाम फुटला. ते ताईपाशी वाकून बोलायला लागले, लहान मुलाशी बोलतात तसे. "ताई, दोन मिनिटांचं काम आहे हो. आपली चार मुलं तयार आहेत. अगदी फुलासारखं नेतील."

"मी फूल नाय न् पोतं पण नाय," ताई म्हणाली. "मना उचलायची नाय."

"मग दुसऱ्या कुणाला तरी," अध्यक्ष शेठकडे वळले. "तुम्हीच काढा ना. तुम्हीही कलाकार आहात."

शेठ वर गेले. आम्ही सगळे खाली जिन्याकडे बघत राहिलो. पाचेक मिनिटांनी ते उतरले, हातात ब्रश कोरडा. "नाही," ते म्हणाले. "तिचा डोळा आहे. मी नाही हात लावणार." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना पुष्कळ माफ केलंय. पण लगेच ते ताईला म्हणाले, "सोमवारचं लक्षात आहे ना?" म्हणजे माफी परत घेतली.

आता यातून मार्ग काय? एक साधा मार्ग होता, जो माणसाच्या डोक्यात येतो: उतार. फळ्यांचा, तात्पुरता, काहीही. खरं तर जिन्यावर तेवढ्या वेळात तो जमलाही नसता, पण निदान कुणीतरी "अरेरे, आधी करायला हवा होता" एवढं तरी म्हणेल? छे. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला, विचार केला आणि हमालांना हाक मारली.

"मूर्ती खाली घ्या."

साडेतीन फुटी शाडूची मूर्ती. जरासा धक्का लागला तर कान जाईल, सोंड जाईल. सहा हमाल, गाद्या, दोर, "हळू, हळू, डावीकडून, अरे पाय बघ!" बावीस पायऱ्या. देव उतरला. एका बाईला वर जाता यावं म्हणून तीन वर्षांत एक फळी टाकता आली नाही, पण देवाला खाली आणायला सहा माणसं दहा मिनिटांत हजर!

मला वाटलं ताई आता म्हणेल, नको. आता तरी नाहीच म्हणेल. ती म्हणाली, "ठेवा. पण जमिनीवर नको. दोन फुटांवर ठेवा."

मी तिच्या कानाशी गेले. "ताई, हे काय करतेस? यांनी जिंकलं की! तू खाली बोळात, चपलांजवळ डोळा काढणार, आणि ते मूर्ती परत वर नेणार. तू अजून वर गेलेली नाहीस!"

"तुझं पत्रक तू लिव," ती म्हणाली. "हात माझा हाय."

"सोमवारला घाबरलीस."

"व्हय, घाबरले. तुझा बाप शिफ्टला जातो, माझा नाय."

मी कुबड्या सावरून बाजूला झाले.

दोन बाकडी लावून मूर्ती बरोबर दोन फुटांवर आली. पाहुणे पोचले. भला माणूस, घामाघूम, त्याला आधी काय चाललंय तेच कळेना. ताईने डबा उघडला आणि पहिलं काम काय केलं, तर ओला पांढरा रंग घेऊन आधीचा डोळासुद्धा पुसून टाकला. कारखान्यात काढलेला, सगळ्यांनी बघितलेला, पुरा झालेला डोळा. एकदम सगळे "अगं!" म्हणाले. शेठ पुढे आले. ताईने वळूनही बघितलं नाही.

"माझाच डोळा हाय ना?" ती म्हणाली. "मंग मी पुसला. आता वाळू दे. अर्धा तास."

अर्धा तास! भाषणं वर ठेवलेली, माइक वर, खुर्च्या वर. आता देवच खाली म्हटल्यावर सगळ्यांना खाली थांबणं आलं. शिपायाने प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि त्या चिंचोळ्या बोळात, चपलांच्या वासात, पाहुणे, अध्यक्ष, शेठ, नगरातली प्रतिष्ठित मंडळी ओळीने बसली. बुवाने पेटीशिवायच एक भजन धरलं. बाहेर वैशाखातलं ऊन होतं, रंग अर्ध्या तासाच्या आतच वाळला.

मग ताई पाहुण्यांना म्हणाली, "सायेब, तुमी इथं समोर या. सहा पावलांवर. उभं नाय, बसा. आनी हलू नका, मना नजर धरायचीय."

पाहुण्यांना तो मान वाटला. ते शर्ट नीट करून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. ताई एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा मूर्तीकडे. मी तिला आखणी करताना अनेकदा पाहिलंय, पण दर वेळी मलाच श्वास रोखावा लागतो. वरची कमान एका झटक्यात, खालची एका झटक्यात, मग बुबुळ. रेघ कुठेच तुटली नाही. दोन्ही डोळे झाले. शेवटी पांढरा ठिपका. ठिपका काढण्याआधी ती मला म्हणाली, "डावीकडं तीन खिडक्या ना?" मी म्हटलं, हो.

टाळ्या झाल्या. शाल आली. ताईने ती घेतली आणि तिला ब्रश पुसले.

मूर्ती परत वर गेली, पाहुणे वर गेले, अध्यक्ष वर गेले. आम्ही तिघं खाली शाडू धुवत बसलो. मी ताईशी बोलले नाही. त्या संध्याकाळी गाडीत, निडीला बुवाला उतरवून देताना तो म्हणाला, "तू लय रागावलीस. पण ती काय तरी करून आलीय. तिचा श्वास मी ऐकला. बिनकामाचं काम करताना मानूस तसा श्वास घेत नाय." मी म्हटलं, बुवा, तुम्ही उगाच काहीतरी गूढ बोलू नका, माझं आधीच डोकं उठलंय.

चार दिवसांनी मी पुन्हा दालनात गेले. पत्रकासाठी कठड्याचा फोटो हवा होता. कुबडी-पाय, कुबडी-पाय, बावीस. वर सात-आठ माणसं होती आणि सगळी मूर्तीसमोर जरा अवघडलेली. एक बाई मान तिरकी करत होत्या. एका काकांनी चष्मा पुसला. "छान आहे," ते बायकोला म्हणाले, "पण बघत नाही गं आपल्याकडे. माझ्या पोटाकडे बघतोय." "मग पोट कमी करा," बायको म्हणाली.

मी समोर उभी राहिले. खरंच. नजर माझ्या छातीच्या खाली कुठेतरी जात होती. ताईचा डोळा चुकला? शक्य नाही. तेवढ्यात एक शाळकरी मुलगी गुडघे टेकून बसली आणि एकदम म्हणाली, "आई, आता बघतोय!"

मी कुबड्या भिंतीला टेकवल्या, कठीण गेलं, पण उजवा गुडघा टेकून खाली आले. थोडी सरकले. नजर येऊन बरोबर माझ्यावर बसली. नेमकी व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या उंचीला, आणि सहा पावलांवर.

माझ्यामागोमाग त्या काकू वाकल्या. मग काका गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, खाली आले. "अरे हो की!" कुणालाही काही न सांगता अख्खं दालन गुडघे टेकायला लागलं.

मी तिथूनच ताईला फोन लावला. "बघतोय गो," मी म्हटलं.

"चमक बरोबर पडलीय?" तिने विचारलं. तिला तेवढंच हवं होतं.

शेठना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे. आखणीवाला माणूस, त्याला काय सांगायचं. सोमवारी ताई कारखान्यात गेली तेव्हा ते म्हणाले, "नजर उतरवलीस." ती म्हणाली, "व्हय." ते पुढची मूर्ती तिच्या फिरत्या पाटावर ठेवून म्हणाले, "पुढच्या वेळी विचारून करत जा." बस. पाटीवर तिचं नाव आलंय, पण आडनाव चुकलंय.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बरं झालं, शेवट गोड झाला. जिना तसाच आहे. कठडा अजून हलतो. ताई अजून वर गेलेली नाही. आपल्या मूर्तीच्या नजरेत बसून बघायला तिच्याशिवाय सगळ्यांना मुभा आहे, आणि याचा मला रोज सकाळी उठल्यावर नव्याने संताप येतो.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांचं पत्र आलं. आमच्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून त्यांनी रॅम्प समिती नेमली आहे. ताईला आणि मला सदस्य म्हणून निमंत्रण आहे. खाली लिहिलंय, बैठकीचं स्थळ: दालन, पहिला मजला.

मी पत्र ताईला फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं ती हसेल. मी तर ओरडायच्या बेतात होते, डोक्यात सहावं पत्रक तयार होतं, उद्गारचिन्हांसकट.

"ओरडू नको," ती म्हणाली. "कळव त्यांना, बोळात बसू. चपलांच्या स्टँडपाशी. देव उतरला गो, ही मानसं काय त्याच्याहून जड हायत?"

मी उत्तर लिहिलं. दोन ओळींचं. बैठक खाली होईल, आणि खुर्च्या आम्ही मांडून ठेवू.